रोगाची मोजणी

गावात रोग किती आहे, हे कसे कळते? मोजल्यावाचून कळत नाही. पण मोजणीही नीट हवी.

समजा, सोलापूरच्या शुक्रवार पेठेत आम्ही एका दवाखान्याच्या दारात बसलो आणि आत जाणारी माणसे मोजली. बहुतेक सगळी आजारी निघतील. म्हणून काय सारी पेठ आजारी म्हणायची? नाही. आजारी माणूसच दवाखान्यात जातो. खरे प्रमाण हवे, तर घरोघर गेले पाहिजे.

घरोघर जाऊन नुसते विचारले, तरी भागत नाही. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची पाहणी केली. ती १९८९ साली छापून आली. विचारले, तेव्हा शंभरातल्या ५५ जणींनी त्रास सांगितला. तपासले, तेव्हा शंभरात ९२ जणींना स्त्रियांचा एखादा तरी रोग निघाला! नुसत्या विचारण्याने किती रोग झाकून राहतो, पाहा.

पण ही दोनच गावे झाली. त्यांवरून साऱ्या देशाचा आकडा सांगता येत नाही. म्हणून जाणकार लोक ठिकठिकाणच्या मोजण्या एकत्र आणून पारखतात. याला ‘पद्धतशीर आढावा’ म्हणतात.

त्याची रीत अशी. कोणता रोग, कोणती माणसे, कोणता काळ, हे आधी ठरवायचे. नियम आधीच लिहून ठेवायचे. मग त्या रोगाच्या सगळ्या मोजण्या शोधायच्या. आपल्याला आवडतील तेवढ्याच घ्यायच्या नाहीत. मग दोघांनी वेगवेगळे बसून त्या पाखडायच्या. माणसे कशी निवडली? नुसते विचारले की तपासले? किती जण सुटले?

शेवटी बेरीज. इथे जपावे. समजा, एका गावात १०० माणसांत १० आजारी, दुसऱ्या गावात ९०० माणसांत १८. म्हणजे शेकडा १० आणि शेकडा २. सरासरी शेकडा ६ म्हणाल, तर फसाल! दोन्ही गावे मिळून १००० माणसांत २८ आजारी. म्हणजे शेकडा ३ सुद्धा नाहीत. आणि एका गावात विचारून मोजले, दुसऱ्यात तपासून, तर आकडे वेगवेगळेच सांगावे.

याचा आपल्याला काय उपयोग? औषध किती लागेल, डॉक्टर किती लागतील, हे ठरवताना असे आकडे बघतात. रोग लपला, तर औषधही कमी पडते. म्हणून आशाताई दारात आल्या, तर दुखणे झाकू नका. खरे ते सांगा.

प्रश्न
१. दवाखान्याच्या दारात केलेली मोजणी का फसते?
२. तुमच्या घरातले कोणते दुखणे अजून कुणाला सांगितलेले नाही?