काळी मैना म्हणून दिलं ते

तीन वर्षं गुरांपासून राखलं, उन्हाळ्यात कळशीने पाणी घातलं आणि चौथ्या वर्षी कळलं की कुंपण भलत्याच करवंदाचं आहे.

वैशाखात मागच्या डोंगरावरच्या जाळ्या काळ्याभोर झाल्या होत्या. माझ्या कुंपणाला मात्र हिरव्या, टणक गोट्या. म्हटलं, पहिलाच बहर आहे, उशीर होत असेल. फळं रंगावर आली ती श्रावणात. पांढरी, वर गुलाबी झाक. नात म्हणाली, "आजोबा, कोंबडा की कोंबडी?" आत लाल तर कोंबडा, पांढरं तर कोंबडी. फळ मोडलं तर आत पांढराफटक गर, बोटांना चिकट चीक. पोरीने चावून लगेच थुंकलं. हा उत्तरेकडचा करोंदा. बेकरीतली लाल 'चेरी' बहुतेक वेळा हाच रंगवून, पाकात मुरवून केलेली असते.

नर्सरीवाला खुर्चीतून उठलाही नाही. "काका, करवंद ते करवंद. काटे आहेत ना?" १२० रोपांचे ४,२०० रुपये मोजून घेताना हाच माणूस 'डोंगरची काळी मैना' म्हणत होता! पावती मी मागितली नाही, चूक असेल तर तेवढीच माझी.

तेव्हा रोप घेण्याआधी मातृवृक्ष बघा, त्याचं फळ खाऊन बघा. दाखवत नसेल तर परत फिरा. त्यापेक्षा मे महिन्यात डोंगरावरची गोड जाळी हेरा, तिची पिकली फळं कुस्करून बिया धुवा आणि सावलीत सुकवून लगेच पिशव्यांत पेरा. पुढच्या वर्षासाठी ठेवलेलं बी उगवत नाही. मी एक वर्ष असंच घालवलं. बियांची सगळी झाडं आईसारखी निघत नाहीत, हेही धरून चाला. मोठं फळ हवं असेल तर दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण बोल्ड' जात आहे. कुंपणासाठी दोन-अडीच फुटांवर लावा. छाटणी फळं उतरल्यावर, पावसाच्या तोंडाला करा. थंडीत कात्री लावली की फुलोराच जातो. आणि पावती घ्या, कितीही ओळखीचा असो.

माझी झाडं मी उपटली नाहीत, झाडांचा काय दोष? लोणच्याला ती फळं चांगली. हाताला खोबरेल चोळून चिरा, नाहीतर चीक दोन दिवस निघत नाही.