आंत्रशोथातील स्नायुस्तराची वृद्धी : वृद्धिघटकांचे कार्य व चिकित्सकाने घ्यावयाची दक्षता

जीर्ण आंत्रशोथाच्या रुग्णात एक अवस्था अशी येते की, तिच्यात रुग्ण व वैद्य दोघेही समाधानी असतात. शौचाचे वेग कमी झालेले असतात, रक्त व आम पडणे थांबलेले असते, अन्नाची रुची परतलेली असते. पुढे काही महिन्यांनी तोच रुग्ण निराळी तक्रार घेऊन येतो. भोजनानंतर तासा-दोन तासांत नाभीभोवती पिळवटल्यासारखे दुखते, पोटात मोठ्याने गुडगुडते, आध्मान होते आणि उलटी झाली म्हणजे बरे वाटते. शोथ तर शमला आहे, मग हा केवळ वातप्रकोप व मलावष्टंभ असावा, असे मानून पुष्कळदा विरेचन दिले जाते. हे विरेचन प्रसंगी घातक ठरू शकते. असे का, याचे उत्तर आतड्याच्या भित्तीतील स्नायुस्तरात आहे. त्याचाच विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम परिभाषेचा खुलासा करणे आवश्यक वाटते. प्रचलित मराठीत ‘पेशी’ म्हणजे सेल आणि ‘स्नायू’ म्हणजे मसल. संहितांत मात्र पेशी म्हणजे मांसपेशी आणि स्नायु ही त्याहून निराळी, बंधनकारक रचना. या लेखात आम्ही दोन्ही शब्द प्रचलित मराठी अर्थानेच वापरीत आहोत. आंत्रभित्तीतील अनैच्छिक स्नायूंच्या सूक्ष्म घटकास ‘स्नायुपेशी’ म्हटले आहे.

आंत्रभित्तीत श्लेष्मल कलेखाली एक पातळ स्नायुस्तर असतो आणि त्याच्या बाहेर, अधोश्लेष्मल स्तरापलीकडे, आतून वर्तुळाकार व बाहेरून अनुलंब असे दोन जाड स्नायुस्तर असतात. अन्न पुढे सरकविणे हे त्यांचे नित्य कर्म. प्रौढ वयात या स्नायुपेशी क्वचितच विभाजन पावतात. शोथ उत्पन्न झाला की मात्र त्या विभाजित होऊ लागतात व संख्येने वाढतात. सव्रण बृहदांत्रशोथात श्लेष्मल कलेखालचा पातळ स्नायुस्तर जाड होतो. बृहदांत्र आखूड होणे व त्याच्या नैसर्गिक वळ्या नाहीशा होणे यांमागे त्याचा वाटा असतो. क्रोह्न व्याधीत शोथ भित्तीच्या सर्व स्तरांत शिरत असल्याने सर्वच स्नायुस्तर वाढतात आणि आतड्याचा मार्ग अरुंद होतो.

क्रोह्न, गिन्झबर्ग व ओपनहायमर यांनी १९३२ साली या व्याधीचे वर्णन केले. तेव्हापासून पुढे बराच काळ हा अरुंदपणा मुख्यत्वे व्रणवस्तूमुळे, म्हणजे तंतुमय धातू साचल्याने येतो, अशीच समजूत होती. आकुंचित भागाचे शस्त्रक्रियेने काढलेले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली काटेकोरपणे मोजल्यावर निराळे चित्र दिसले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अशा एका अभ्यासात सर्वांत ठळक बदल आढळला तो स्नायूंच्या वृद्धीचा. तंतूंचा क्रम त्यानंतरचा होता. आमच्या मते ही बाब प्रत्येक चिकित्सकाने लक्षात ठेवण्याजोगी आहे. आकुंचन म्हणजे निव्वळ जुना वण नव्हे. ती जिवंत पेशींची वाढ आहे, आणि वाढीला कोणीतरी प्रेरणा देत असते.

ही प्रेरणा देणारी द्रव्ये म्हणजे वृद्धिघटक. त्यांच्यापैकी येथे सर्वांत महत्त्वाच्या घटकाचा शोध आतड्यात लागला नाही, तो रक्तवाहिन्यांच्या अभ्यासात लागला. रसेल रॉस व सहकाऱ्यांनी १९७४ साली दाखविले की, रक्त साकळताना बिंबिकांमधून, म्हणजे प्लेटलेट्समधून, जे द्रव्य बाहेर पडते त्याच्या योगाने धमनीभित्तीच्या स्नायुपेशी वाढू लागतात. यालाच पुढे ‘प्लेटलेट डिराइव्ड ग्रोथ फॅक्टर’, संक्षेपाने पीडीजीएफ, असे नाव मिळाले. शोथस्थानी बिंबिका जमतात, तसेच भक्षक पेशीही जमतात, आणि दोन्हींपासून हा घटक उपलब्ध होतो.

परंतु घटक उपलब्ध असला म्हणून कार्य होतेच असे नाही. पेशीच्या पृष्ठभागावर त्या घटकाचा ग्राही, म्हणजे रिसेप्टर, असावा लागतो. या संदर्भात कॅनडातील किंग्स्टन येथील क्वीन्स विद्यापीठात ब्लेनरहॅसेट व सहकाऱ्यांनी उंदरांवर केलेले काम मूलगामी आहे. निरनिराळे वृद्धिघटक आंत्रस्नायुपेशींवर योजून पाहता पीडीजीएफचा बीबी हा प्रकार मुख्य प्रेरक ठरला, असे त्यांनी २०१० साली प्रसिद्ध केले. २०१४ सालच्या त्यांच्या निबंधात याच्या पुढचा दुवा आहे. इंटरल्यूकिन-१ बीटा व टीएनएफ-अल्फा ही शोथकारक द्रव्ये स्नायुपेशींवर पीडीजीएफचा बीटा ग्राही उत्पन्न करवितात आणि त्या द्वारे त्यांची वाढ घडवितात. शोथ स्वतः पेशी वाढवीत नाही, पेशीला वाढीचा संदेश ऐकू येईल अशी स्थिती तो निर्माण करतो.

वैद्यांना हे समजावयास अवघड जाऊ नये. बीज पडून होते, क्षेत्र तयार नव्हते. शोथाने क्षेत्र नांगरले आणि मग बीज रुजले. खवैगुण्याची आपली कल्पनाही याच दिशेची आहे.

अन्य घटकांविषयी थोडक्यात सांगावयाचे तर, इन्सुलिनसदृश वृद्धिघटक-१ हा आंत्रस्नायुपेशी स्वतःच तयार करतात व स्वतःवरच त्याचा प्रयोग करून घेतात. त्याने विभाजन वाढते, शिवाय पेशींचा स्वाभाविक क्षयही रोखला जातो. अमेरिकेतील रिचमंड येथे कुमर्ली यांनी या घटकावर दीर्घकाळ काम केले आहे. टीजीएफ-बीटा या घटकाचे मुख्य कार्य कोलॅजन निर्माण करविण्याचे. स्नायुपेशीही कोलॅजन तयार करतात, म्हणून स्नायूंची वाढ व तंतूंचा संचय या एकमेकींपासून पूर्णतः वेगळ्या घटना मानता येत नाहीत.

येथे एक गोष्ट विशेष सांगण्यासारखी आहे. विभाजनाच्या मार्गास लागलेली स्नायुपेशी आपली संकोचक प्रथिने काही अंशी गमावते. परिणामी भित्ती जाड होते, पण तिचे बळ त्या प्रमाणात वाढत नाही. धातूचा उपचय आणि धातूचे बल या दोन भिन्न गोष्टी आहेत हे आपण जाणतोच. अरुंद मार्ग आणि त्यातून अन्न ढकलण्यास असमर्थ भित्ती, असा दुहेरी दोष येथे उत्पन्न होतो. शिवाय शोथ शमला तरी वाढलेल्या पेशी लगेच नाहीशा होत नाहीत. आरंभी वर्णिलेल्या रुग्णाची हकीकत नेमकी हीच आहे.

क्रोह्न व्याधीच्या २००५ सालच्या माँट्रियल वर्गीकरणात केवळ शोथयुक्त, आकुंचनयुक्त व भेदनयुक्त असे तीन प्रकार मानले आहेत. चरकांनी विमानस्थानात सांगितलेली स्रोतोदुष्टीची चार लक्षणे, अतिप्रवृत्ति, संग, सिराग्रंथि व विमार्गगमन, यांच्याशेजारी ते ठेवून पाहावेत. अतिसाराची अवस्था, अवरोधाची अवस्था व नाडीव्रणाने भलत्याच मार्गाने मल जाण्याची अवस्था यांची सांगड सहज लागते. ही सांगड समजण्यापुरती उपयोगी आहे. तिच्यावरून वृद्धिघटक प्राचीनांस ठाऊक होते असे म्हणणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. सुश्रुतांनी बद्धगुदोदरात उदर उघडून शस्त्रकर्म करावयास सांगितले आहे, याकडे मात्र आम्ही आवर्जून लक्ष वेधतो. संग दृढ झाला की केवळ औषधाचा आग्रह धरू नये, ही दृष्टी आपल्याच शास्त्रात आहे.

औषधांचे काय? टीएनएफविरोधी इन्फ्लिक्सिमॅब १९९८ पासून क्रोह्न व्याधीत वापरात आहे. ते शोथ शमविते, पण दृढ झालेले आकुंचन उलगडण्याची त्याच्याकडून खात्री देता येत नाही. पीडीजीएफचा ग्राही रोखणारे इमॅटिनिब २००१ पासून रक्ताच्या कर्करोगात दिले जाते, परंतु आंत्राकुंचनासाठी ते मान्यताप्राप्त नाही. किंबहुना या आकुंचनासाठी म्हणून मान्यता मिळालेले एकही औषध अद्याप नाही.

आपल्या द्रव्यांपैकी हरिद्रेतील करक्युमिनचा अभ्यास उल्लेखनीय आहे. जपानमध्ये सव्रण बृहदांत्रशोथाच्या ८९ रुग्णांवर झालेल्या व २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, नेहमीच्या औषधांबरोबर दररोज २ ग्रॅम करक्युमिन घेणाऱ्यांत सहा महिन्यांत व्याधीचे पुनरुद्भव कमी आढळले. त्याच वर्षी रक्तवाहिन्यांच्या स्नायुपेशींवर करक्युमिन पीडीजीएफची क्रिया रोखते, असेही प्रयोगशाळेत दिसले. या दोहोंची बेरीज करून ‘हळदीने आतड्याचे आकुंचन सुटते’ असे लिहिणारी जाहिरात कोणी केली, तर तिला आधार नाही. पेशी निराळी, व्याधी निराळा, अवस्थाही निराळी. शल्लकीच्या बाबतीतही क्रोह्न व्याधीचा उपशम टिकविण्यासाठी केलेल्या, २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लाक्षणिक औषधाहून, म्हणजे प्लासिबोहून, सरस परिणाम मिळाला नाही. आपल्या द्रव्यांना वाव आहे तो शोथाच्या प्रारंभिक अवस्थेत, क्षेत्र तयार होण्यापूर्वी, असे आमचे मत आहे. आणि तेथेही अग्नीचा विचार न करता एकेक द्रव्य देत राहणे आम्हांस मान्य नाही.

म्हणून जीर्ण आंत्रशोथाच्या प्रत्येक रुग्णास भोजनोत्तर शूल, आध्मान व वांतीने मिळणारा आराम यांविषयी दर भेटीत विचारावे. कृश रुग्णाच्या उदरावर आतड्याच्या लाटा दिसतात का, ते पाहावे. सोनोग्राफीत आंत्रभित्तीची जाडी ३ मिलिमीटरहून अधिक असेल तर ती नोंद दुर्लक्षू नये, आणि संशय असल्यास सीटी अथवा एमआर एंटेरोग्राफीसाठी पाठवावे. मर्यादित लांबीचे आकुंचन दुर्बिणीतून फुग्याच्या साहाय्याने रुंद करता येते, पण त्यासाठी रुग्ण वेळेवर पोहोचावा लागतो. आपल्याकडे आणखी एक व्यवधान ठेवावे लागते ते आंत्रक्षयाचे. तोही लघ्वांत्राच्या अंत्यभागी व उंडुकाजवळच बहुधा होतो आणि आकुंचन उत्पन्न करतो. क्षयाचा निर्णय न करता क्रोह्न समजून स्टिरॉइड दिल्यास क्षय पसरतो.

आकुंचनाची शंका असताना जयपालयुक्त इच्छाभेदी रसासारखे तीक्ष्ण विरेचन देऊ नये. अवरोधाच्या वर आधीच ताणलेल्या आतड्यात वेग वाढविणे म्हणजे वेदना, वांती व क्वचित भेदनास आमंत्रण. इसबगोल सौम्य म्हणून सर्रास दिला जातो, पण तो पाण्याने फुगतो आणि अरुंद जागी अडकू शकतो. औषधालय चालविणाऱ्या बंधुभगिनींनी इसबगोल किंवा रेचक चूर्ण मागणाऱ्यास दोन प्रश्न अवश्य विचारावेत : पूर्वी आतड्याचा जुना आजार अथवा क्षय झाला होता काय, आणि जेवल्यावर पोट फुगून उलटी होते काय. उत्तर होकारार्थी असेल तर पुडी न देता वैद्याकडे पाठवावे. सांधेदुखीसाठी दीर्घकाळ वेदनाशामक गोळ्या घेणाऱ्या ग्राहकासही हेच विचारावे, कारण त्या गोळ्यांनीही लघ्वांत्रात पडद्यासारखी आकुंचने उत्पन्न होतात आणि असा ग्राहक स्वतःस आतड्याचा रुग्ण समजत नसल्याने आपण होऊन काही सांगत नाही.