लवकर गेलो तर? आणि खूप जगलो तर? दुकानदारासाठी विम्याचा साधा हिशोब

व्हिडिओत आकडे भराभर गेले, म्हणून इथं सावकाश मांडतोय. वही घेऊन बसा.

समजा, परभणीत जिंतूर रोडवर तुमचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. वय ३०. बँकेचं कर्ज ३ लाख. घरात बायको, दोन लेकरं, आई-वडील. विम्याचं विचारलं की तुम्ही म्हणता, "एक पॉलिसी काढलीय ना सर!" पण ती नेमकी कशासाठी?

धोके दोन आहेत: लवकर जाणं आणि कमाई थांबल्यावर खूप वर्षं जगणं. स्वातंत्र्याच्या वेळी भारतात सरासरी आयुर्मान साधारण ३२ वर्षं होतं, आज ७० च्या आसपास आहे. याचा विम्यावर दोन बाजूंनी परिणाम होतो. लोक जास्त जगले की मुदत विम्यात दावे कमी येतात, म्हणून तो परवडतो. आता तो ७५-८० वयापर्यंतही मिळतो. उलट आयुष्यभराची पेन्शन जास्त वर्षं द्यावी लागते, म्हणून ती महाग पडते.

आता सरकारच्या दोन योजना बघू.

१) प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा: वर्षाला ४३६ रुपये, कव्हर २ लाख. १८ ते ५० वयात घेता येतो, कव्हर ५५ पर्यंत चालतं.

२) अटल पेन्शन: १८ ते ४० वयात सुरू करायची, ६० नंतर दरमहा १ ते ५ हजार. आयकर भरणाऱ्यांना आता नवीन खातं उघडता येत नाही. ५ हजारांच्या पेन्शनसाठी तिशीत सुरुवात केली तर महिना ५७७ रुपये, चाळिशीत केली तर १,४५४. उशीर असा महाग पडतो.

दोन्ही घ्या. पण भोकं कुठं आहेत तेही बघा. कर्ज ३ लाख, कव्हर २ लाख. वरचा १ लाख बायकोच्या डोक्यावर. ५५ ते ६० मध्ये ना विमा, ना पेन्शन. आणि महागाई वर्षाला ६ टक्के धरली, तर ३० वर्षांनंतरच्या ५ हजारांची किंमत आजच्या साधारण ८७० रुपयांएवढी. किराणा तरी भागेल का?

म्हणून पैसे दोन खिशांत ठेवा. पहिला खिसा मुदत विम्याचा: सगळं कर्ज अधिक घरखर्चाची दहा वर्षं, आणि लेकरं कमावती होईपर्यंतची मुदत. अर्जात तंबाखूची सवय लपवू नका, नाहीतर दाव्याच्या वेळी घरचे अडकतील. दुसरा खिसा म्हातारपणाचा: एनपीएस किंवा तुम्हाला समजेल अशी दरमहा बचत.

"दुकान हीच माझी पेन्शन," असं बरेच जण म्हणतात. पासष्टीत पाणबुडी मोटार उचलता येईल का, एवढंच स्वतःला विचारा.

आजचा गृहपाठ: घरातल्या सगळ्या पॉलिसी काढा. प्रत्येकीसमोर कव्हर किती, कोणत्या वयापर्यंत आणि वारसाचं नाव काय, एवढं लिहा. आणि ते पान बायकोला दाखवा.