आपापला धडा

लग्नाच्या उपासनेत पाळकसाहेब इफिसकरांस लिहिलेल्या पत्राचा पाचवा अध्याय वाचतील. आमच्या लग्नात वाचला, बाळ, तुझ्या आईच्या लग्नात वाचला, तुमच्याही लग्नात वाचतील. वाचून झाला की बाकांवरच्या पुरुषांच्या ध्यानात एवढंच राहतं, की बायकोनं नवऱ्याच्या अधीन असावं. बायकांच्या ध्यानात राहतं ते असं, की ख्रिस्तानं मंडळीवर केली तशी प्रीती नवऱ्यानं बायकोवर करावी. म्हणजे ज्याला त्याला दुसऱ्याचा धडा तोंडपाठ. जन्मभर शाळेत शिकवलंय मी. शेजारच्याचा धडा म्हणून दाखवणारं पोर कुठल्याच इयत्तेत पास होत नाही.

तेव्हा घरी बायबल उघडा आणि मोजा. बायकांना उद्देशून तीन वचनं आहेत, २२ ते २४. नवऱ्यांना समजावायला पौलाला २५ पासून पार अध्यायाच्या शेवटापर्यंत जावं लागलं. का लागलं असेल, ते नातजावईबापू, तुम्हीच ओळखा. आणि त्याच्या आधीचं २१वं वचन पुष्कळदा वाचायचं राहूनच जातं. त्यात दोघांनाही एकमेकांच्या अधीन व्हायला सांगितलंय. तुम्ही तुमची वचनं पाठ करा, बाळ, तू तुझी कर. तिची वचनं तिला ऐकवायचं काम शास्त्रानं तुमच्याकडे दिलेलं नाही, आणि तुमची तुम्हाला ऐकवायचं तिच्याकडेही नाही. पुढं जे काही सांगणार आहे, ते सगळं ह्या एकाच गोष्टीतून निघालेलं आहे.

रात्री झोपण्याआधी दोघांनी मिळून प्रार्थना करा, आणि मोठ्यानं करा. मनातल्या प्रार्थनेत माणूस वाट्टेल ते लपवू शकतो. लांबलचक नको. दोघं नोकरीवरून दमून येणार, एक पुण्याच्या त्या टोकाहून आणि एक ह्या टोकाहून. दोन मिनिटं पुरेत. एकमेकांचं नाव घेऊन मागा. उद्या हिची मीटिंग आहे, ह्यांची पाठ धरली आहे, असं. जोडीदाराचं उद्या काय आहे हे ठाऊक नसेल तर अशी प्रार्थना करताच येत नाही, आधी विचारावं लागतं. अर्धं काम त्या विचारण्यातच होतं. एक पथ्य मात्र पाळा. ‘प्रभू, ह्यांना वेळेवर घरी यायची सुबुद्धी दे’ ही प्रार्थना नव्हे. ही तक्रार आहे, तीही देवाला मधे घालून केलेली. तक्रार असेल तर आमेन म्हणून झाल्यावर डोळे उघडून थेट करा.

सूर्य मावळायच्या आत राग सोडावा, असं त्याच पत्राच्या चौथ्या अध्यायात आहे, आणि नव्या जोडप्याला ते प्रत्येक जण सांगून जातो. ते मनावर घेऊन काही जण रात्री दीड दीड वाजेपर्यंत भांडण ‘मिटवत’ बसतात! अरे, तिथं राग सोडायला सांगितलाय, वादाचा निकाल लावायला नाही. झोप आलेली माणसं शहाणपणाचं काही बोलत नाहीत. ‘हे आपण रविवारी उपासनेनंतर बोलू, आत्ता माझ्या मनात तुझ्याविषयी वैर नाही,’ एवढं म्हणावं आणि दिवा मालवावा. रविवार आला की मात्र खरंच बोलावं. नाहीतर दुसऱ्याला कळतं की ही नुसती टाळाटाळ होती, आणि पुढच्या वेळी तो रविवारपर्यंत थांबत नाही.

पैशाचं थोडक्यात सांगते. पगार दोन असू देत, हिशेब एक ठेवा. दशमांश द्यायचा की नाही, किती आणि कुठं, हे दोघांनी बसून ठरवा. चोरून दिलेला पैसा हा आपल्या घराघरातला जुना रोग आहे. कधी भावाच्या ट्रॅक्टरच्या हप्त्याला दिलेला असतो, कधी मंडळीच्या इमारत फंडाला. उजवा हात दान करतो ते डाव्याला कळू नये, हे प्रभूचं सांगणं लोक इथं पुढं करतात. बायको म्हणजे डावा हात नव्हे. नवराही नव्हे.

ह्या बाबतीत आपल्या नगरकडच्याच एका घरात डोकावून बघा. रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई. टिळकांच्या हातात पैसा ठरत नसे. समोर गरजवंत दिसला की घरात काय आहे न् काय नाही, ह्याचा विचार संपला. न सांगता घराबाहेर पडायचे, रागावले की कुणाचं ऐकायचे नाहीत. लक्ष्मीबाईसुद्धा गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. असल्या दोघांचं लग्न टिकलं कसं, असा प्रश्न ‘स्मृतिचित्रे’ हे लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र वाचताना पानोपानी पडतो.

त्यात १८९५ च्या फेब्रुवारीत टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. बायको कडक सोवळ्याच्या घरात वाढलेली, पदरी लहानगा दत्तू. त्या काळी ह्याचा अर्थ काय होता, हे आज तुम्हाला कळायचं नाही. नवरा जिवंत असून गेल्यासारखाच. पुढची काही वर्षं ती त्यांच्यापासून वेगळी राहिली. मग ती त्यांच्याकडे राहायला आली, तीही आपलं सोवळं घेऊन. तिचा स्वयंपाक वेगळा, तिचं पाणी वेगळं. दुसरा कुणी असता तर ख्रिस्ती नवऱ्याचा हक्क म्हणून बायकोला पहिल्याच रविवारी देवळात नेऊन बसवलं असतं. टिळकांसारख्या उतावळ्या माणसानं एवढ्या एका बाबतीत घाई केली नाही. जातपात देवानं केली की माणसानं, हे तिचं तिनं मनाशी घोळवलं, आणि १९०० साली आपल्या पायांनी चालत जाऊन तिनं बाप्तिस्मा घेतला. माझं तर म्हणणं आहे, तिच्या वाट्याच्या विश्वासाचा धडा त्यांनी तिलाच वाचू दिला, म्हणून ते घर उभं राहिलं.

टिळक १९१९ साली वारले, तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ अपुरं होतं. पुढचे अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. ज्या बायकोला नवऱ्यानं अक्षरओळख करून दिली, तिनं त्याचं महाकाव्य पुरं केलं. हे सांगून लोक थांबतात. मला त्याहून मोठं वाटतं ते ‘स्मृतिचित्रे’तलं. त्या पुस्तकात तिनं नवऱ्याचा एकही दोष झाकलेला नाही. त्याचा विसराळूपणा, त्याचा हट्ट, त्याची उधळपट्टी, सगळं आहे. तरी पुस्तक मिटताना वाचणाऱ्याला टिळक आवडलेले असतात. जोडीदाराच्या खोडी चारचौघांत सांगाव्यात तर अशा सांगाव्यात. तो समोर बसला असेल आणि त्यालाही हसू येईल, तेवढंच बाहेर बोलायचं. जे त्याच्यासमोर बोलता येणार नाही, ते मैत्रिणीला, आईला, ऑफिसमधल्या माणसाला सांगायचं नाही. आणि टिळकांनी विश्वासाच्या बाबतीत घाई केली नाही, तेही ध्यानात ठेवा. तुमच्यातही एकाला पहाटे उठून शास्त्र वाचायची ओढ असेल, दुसऱ्याला रविवारी उठायचाही कंटाळा. चालेल. ज्याला ओढ आहे त्यानं आपलं वाचावं, दुसऱ्याच्या पांघरुणाला हात लावू नये.

सासर-माहेरचं. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात आईबापांना सोडून कुणी जायचंय? मुलीनं नव्हे. तिथं पुरुषानं, असं लिहिलंय. आपल्याकडे घर सोडते मुलगी आणि वचन वाचलं जातं मुलाला, आणि कुणालाच त्यात काही खटकत नाही. सोडणं म्हणजे टाकून देणं नाही, हेही तेवढंच खरं. वधस्तंभावर जीव जात असताना प्रभूनं आपली आई योहानाच्या हाती सोपवली, तिची सोय लावली. म्हणून नातजावईबापू, आईची औषधं, आईचा मोतीबिंदू, आईचं मन, सगळं तुम्ही सांभाळा. पण तुमच्या दोघांत काय ठरलं ते तिला तुमच्या तोंडून कळलं पाहिजे. ‘ही म्हणते म्हणून’ असं कधी म्हणायचं नाही, ‘आम्ही ठरवलं’ म्हणायचं. बाळ, तुलाही तेच. माहेरचा फोन स्वयंपाकघरात जाऊन दार लोटून घ्यायचा नाही.

आता एक गोष्ट, जी आमच्या काळी पाळकीणबाईसुद्धा सांगत नसत. नवराबायकोच्या शरीरसंबंधाविषयी पौलानं करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात अगदी स्वच्छ लिहिलंय, आणि तो स्वतः तर एकटा राहणारा. बायकोच्या शरीरावर नवऱ्याचा अधिकार म्हटल्यावर पुढच्याच श्वासात तो नवऱ्याच्या शरीरावर बायकोचा अधिकार सांगतो. त्या काळात हे बोलणारे फार थोडे होते. दूर राहायचं तर तेही दोघांच्या संमतीनं, थोडा वेळ, प्रार्थनेसाठी. संमती हा त्यातला मुख्य शब्द समजा. लाजून, रुसून किंवा जबरदस्तीनं हे चालत नाही, बोलावं लागतं. एवढं पुरे.

मिळून करायचं एक तरी काम धरा. प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला ह्या जोडप्याचं नाव नव्या करारात सहा वेळा येतं, आणि सहाही वेळा दोघं बरोबरच येतात. कधी तिचं नाव आधी, कधी त्याचं. दोघं तंबू शिवायचे, दोघं अपुल्लोला शिकवायचे, मंडळी त्यांच्याच घरात भरायची. आम्ही दोघांनी शब्बाथ शाळेची पोरं सांभाळली. तुम्ही काहीही करा. नाताळचा फराळ मिळून करा, नाहीतर सगळा डिसेंबर एकटी बाई करंज्या लाटते आणि तो कॅरलच्या तालमीला फिरतो. देवाच्या कामासाठी घर वाऱ्यावर सोडणारे मी पुष्कळ पाहिले. रोज सभा, रोज कमिटी, आणि घरी गेल्यावर बायको दोन दिवस तापानं पडली होती हे शेजारणीकडून कळतं. स्वतःचं घर ज्याला सांभाळता येत नाही त्यानं मंडळी कशी सांभाळावी, हा प्रश्न तीमथ्याच्या पत्रात विचारलेला आहे. तो कमिटीच्या निवडणुकीत कुणी विचारत नाही.

एक बोचरी गोष्ट सांगितल्याशिवाय मात्र मला राहवत नाही. आमच्या पिढीतली लग्नं टिकली म्हणून आमचं फार कौतुक होतं. पन्नासावा वाढदिवस आला की देवळात उभं करून टाळ्या वाजवतात. त्यातली काही लग्नं प्रेमानं टिकली, काही दार बंद होतं म्हणून टिकली. ख्रिस्ती लोकांना लागू असलेला घटस्फोटाचा कायदा १८६९ सालचा. नवऱ्याला बायकोचा व्यभिचार दाखवला की पुरे. बायकोला मात्र नुसता व्यभिचार दाखवून भागत नसे, त्याच्या जोडीला क्रूरता, टाकून देणं असलं आणखी काही सिद्ध करावं लागे. हा भेद २००१ साली कायदा दुरुस्त केला तेव्हा गेला. तोपर्यंत किती जणींनी काय सोसलं, ते त्यांच्या पन्नास वर्षांच्या केकवर लिहिलेलं नसतं. म्हणून लग्न किती वर्षं चाललं हे मोजून त्याची किंमत ठरवू नका.

आणि हात उचलला गेला, तर मी वर सांगितलेलं सगळं बाजूला ठेवायचं. तिथं सोशीकपणा नको, गुपचूप प्रार्थना नको. प्रीती सगळं सहन करते, हे वचन मार खाणाऱ्या बाईला ऐकवणाऱ्या माणसाला, तो पाळक असला तरी, नम्रपणे घराबाहेर काढावं. त्याच अध्यायात प्रीती काय करत नाही, त्याचीही यादी आहे. ती मारणाऱ्याचा धडा, त्याला वाचायला लावावी. घरच्यांना सांगायचं. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा सगळ्या धर्मांच्या बायकांना लागू आहे, आणि १८१ हा फोन नंबर महिलांसाठीच आहे. हे लग्नाआधी सांगते म्हणून कुणी मला अभद्र बोलणारी म्हटलं तरी चालेल.

शेवटचं, आणि हे दोघांनी आधीच ठरवून ठेवा. तुमच्याहून वडील असं एक जोडपं निवडा, नात्यातलं नको. कोंडी झाली की दोघांनी मिळून त्यांच्याकडे जायचं, एकट्यानं नाही. एकटा गेला की फक्त आपली बाजू घेऊन जातो. पूर्वी आमच्या देवळात पुरुष एका बाजूला आणि बायका दुसऱ्या बाजूला बसायच्या. तरी कुणाच्या घरात काय बिनसलंय ते उपासना संपेपर्यंत वडीलधाऱ्यांना कळलेलं असे, आणि संध्याकाळी कुणीतरी चहाला येऊन बसे. तुमच्या सोसायटीत तसं कुणी आपणहून यायचं नाही, म्हणून तुम्हालाच उठून जावं लागेल. शहरात कुणी सापडेपर्यंत नगरला या. येताना फोन करा, आणि दुपारी दोन ते चार येऊ नका; तेव्हा तुझे आजोबा झोपलेले असतात आणि दार उघडायला मलाच उठावं लागतं.