एंजिनाचा श्वास

यंत्राचा एखादा भाग मोठा केला कीं त्याची शक्तिहि वाढते, असा पुष्कळांचा समज असतो. नळ मोठा तर पाणी अधिक. त्याचप्रमाणें मोटर-सायकलीस मोठा कार्बुरेटर बसविला तर वेगहि अधिक, हें अनुमान ओघानेंच येतें. परंतु हें अनुमान अर्धेंच खरें आहे, आणि संपूर्ण खोट्या गोष्टीपेक्षां अर्धी खरी गोष्ट माणसास अधिक फसविते. तें कसें, हें एका नामांकित जुन्या यंत्राच्या उदाहरणावरून पाहूं.

इंग्लंडांत बर्मिंगहॅम येथें बी. एस. ए. नांवाचा मोठा कारखाना होता. ३० जून १९३७ रोजीं वॉल हँडली ह्या स्वारानें त्या कारखान्याच्या मोटर-सायकलीवर ब्रुकलंड्सच्या शर्यतमार्गाची एक फेरी ताशीं १०० मैलांहून अधिक वेगानें पुरी केली. असा पराक्रम करणारास तेथें सोन्याच्या ताऱ्याचें पदक मिळत असे. त्यावरून कारखान्यानें आपल्या पुढील गाडीस ‘गोल्ड स्टार’ हें नांव दिलें. ह्या वंशांतील सर्वांत प्रसिद्ध गाडी, डी. बी. डी. ३४, ही १९५६ सालची. तिचें सिलिंडर एकच, ४९९ घन सेंटिमीटरांचें. आणि त्यास ‘अमाल जी. पी.’ जातीचा, दीड इंच म्हणजे सुमारें ३८ मिलिमीटर गळ्याचा, खास शर्यतीचा कार्बुरेटर जोडलेला. त्याच वर्षीं आइल ऑफ मॅन बेटावरील क्लबमन शर्यतींत लहान व मोठ्या अशा दोन्ही वर्गांत बर्नी कॉड हा गोल्ड स्टारवरूनच पहिला आला. १९६३ सालीं ह्या गाड्यांचें उत्पादन बंद पडलें.

शर्यतींत अशी अजिंक्य ठरलेली गाडी शहराच्या रस्त्यांत मात्र स्वारास मेटाकुटीस आणी. चौकांत थांबलें कीं एंजिन संथपणें फिरत राहीना. ज्या कार्बुरेटरानें तिला विजय दिला, त्यानेंच तिचें चालणें अवघड केलें होतें. ह्याचें कारण शाळेंत शिकविल्या जाणाऱ्या पदार्थविज्ञानांतच सांपडतें.

पेट्रोल नीट जळावयाचें तर त्याचे बारीक तुषार होऊन ते हवेंत मिसळले पाहिजेत. वजनानें एक भाग पेट्रोल संपूर्ण जळण्यास सुमारें १४.७ भाग हवा लागते. पूर्ण शक्ति हवी असल्यास मिश्रण थोडें दाट, म्हणजे साडेबारा ते तेरा भाग हवेचें, ठेवतात. हें मिश्रण करणें हेंच कार्बुरेटराचें काम. दट्ट्या खालीं जाऊं लागला कीं बाहेरची हवा कार्बुरेटराच्या अरुंद गळ्यांतून आंत धांवते. रुंद पात्रांतून संथ वाहणारी नदी दोन कड्यांच्या खिंडींत शिरतांच वेग घेते, तसेंच हें होय. प्रवाहाचा वेग वाढला कीं त्याचा दाब कमी होतो, हा सिद्धान्त डॅनियल बर्नूली ह्या पंडितानें १७३८ सालीं ग्रंथरूपानें मांडला. गळ्यांतील दाब असा उतरला म्हणजे फ्लोट-चेंबरांतील पेट्रोलावरील हवेचा दाब तें पेट्रोल ‘जेट’ नांवाच्या सूक्ष्म छिद्रांतून वर ढकलतो. म्हणजे पेट्रोल वर चढविणारें बळ हवेच्या वेगांतून निर्माण होतें, गळ्याच्या आकारांतून नव्हे, ही गोष्ट पक्की ध्यानांत ठेवावी.

आतां थोडें गणित करूं. अमालच्याच साध्या ‘मोनोब्लॉक’ जातीचा गळा मोठ्यांत मोठा सुमारें ३० मिलिमीटर असे. ३८ चा वर्ग १४४४ व ३० चा वर्ग ९००. म्हणजे मोठ्या गळ्याचें क्षेत्रफळ सुमारें १.६ पट झालें. तितकीच हवा १.६ पट रुंद वाटेनें जाऊं लागली तर तिचा वेग ०.६२ पट होईल. आणि ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत असल्यामुळें ती ०.३९ पट, म्हणजे निम्म्याहूनहि कमी उरेल. दुसरें असें कीं, चार टप्प्यांच्या एंजिनांत दर दोन फेऱ्यांस एकदां हवा आंत घेतली जाते. मिनिटास १,००० फेरे असतां हें एंजिन फार तर २५० लिटर हवा घेईल, तर ७,००० फेऱ्यांस १,७५० लिटर. वेग सातपट, परंतु ओढ एकोणपन्नासपट! शर्यतीच्या वेगास हा गळा पुरेपूर भरतो. संथ चालींत मात्र मूठ एकदम उघडली कीं हवा रेंगाळते, पेट्रोल मागें राहतें, आणि एंजिन आचके देतें. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण यंत्रांनाहि लागू आहे.

म्हणून मोठा कार्बुरेटर बसविणाराचें खरें काम तो बसविल्यानंतरच सुरू होतें. अमालच्या कार्बुरेटरांत मिश्रणाचें नियमन चौघांकडे वांटून दिलेलें असतें. मूठ अष्टमांश उघडेपर्यंत पायलट जेटाचा अंमल. तेथून चतुर्थांशापर्यंत, वरखालीं सरकणाऱ्या स्लाइडच्या खालच्या कडेस दिलेल्या कापाचा. चतुर्थांशापासून पाऊण भागापर्यंत निमुळत्या सुईचा. आणि त्यापुढें मुख्य जेटाचा. स्लाइडचा काप जितका मोठा तितकें मिश्रण पातळ; सुई वरच्या खांचेंत अडकवून खालीं सोडली तर पातळ, उचलून धरली तर दाट. मुख्य जेटावरील आंकडा मिनिटास किती घन सेंटिमीटर पेट्रोल वाहील तें सांगतो.

जुळणीचा क्रमहि ठरलेला आहे. आधीं मुख्य जेट, कारण सुईकडे येणारें पेट्रोल त्यांतूनच येतें. मग पायलट, मग स्लाइडचा काप, मग सुई, आणि शेवटीं पुन्हां पायलट. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी व ती वहींत टिपून ठेवावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कोणाचा व दोष कोणाचा, हें ब्रह्मदेवासहि सांगतां येणार नाहीं.

मुख्य जेट निवडतांना मोठ्या आंकड्यापासून आरंभ करून हळूहळू खालीं यावें, उलट कधींहि जाऊं नये. मिश्रण दाट असलें तर प्लग काजळतो आणि पेट्रोल वायां जातें, एवढ्यावर निभावतें. परंतु पातळ मिश्रणानें उष्णता वाढून दट्ट्याच्या माथ्यास भोंक पडतें, किंवा तो सिलिंडरांत आवळून बसतो व मागचें चाक एकाएकीं अडतें. तेव्हां स्वाराच्या हाडांचें काय होईल, हें सांगावयास नको. ह्यासाठीं पूर्ण वेगाची परीक्षा बंद शर्यतमार्गावरच घ्यावी, रहदारीच्या रस्त्यावर नव्हे. भरधांव चालींत एंजिन बंद करून त्याच क्षणीं क्लच दाबावा, गाडी थांबवून प्लग काढावा व त्याचा रंग पाहावा. काळाकुट्ट असेल तर दाट, पांढराफटक असेल तर पातळ, बिस्किटासारखा असेल तर ठीक. शिसेविरहित पेट्रोलानें हा रंग फिका उमटतो, म्हणून डोळे अधिक सावध हवेत.

आणखी एक नवें कारण ह्या जुन्या यंत्रांपुढें उभें राहिलें आहे. ब्रिटनमध्यें सप्टेंबर २०२१ पासून नेहमीच्या पेट्रोलांत शेंकडा १० पर्यंत इथेनॉल येऊं लागलें. भारतांत २०२५ सालीं हें प्रमाण शेंकडा २० पर्यंत पोंचलें. इथेनॉलच्या अंगींच प्राणवायु असल्यानें एका भागास केवळ नऊ भाग हवा पुरते. अर्थात् पूर्वीं अचूक असलेलें जेट आतां पातळ ठरतें. घरांतील आजोबांच्या गाडीस हात न लावतांहि तिचें मिश्रण बदललेलें असूं शकतें, हें पालकांनीं अवश्य लक्षांत घ्यावें.

वडील मंडळींस एवढीच विनंति कीं, तेलानें माखलेल्या हातांचा मुलगा मोठ्या कार्बुरेटरासाठीं हट्ट धरूं लागला तर त्यास रागें भरण्यापूर्वीं त्याची वही मागावी. कोणतें जेट होतें, कोणतें घातलें, प्लगाचा रंग काय आला, ह्याची नोंद तींत असेल तर त्याच्या हातीं पाना देण्यास हरकत नाहीं. वही कोरी असेल, तर आधीं पेन्सिल द्यावी, कार्बुरेटर मागाहून.