दारातलं कुत्रं आणि येणारी माणसं

मैत्रिणींनो, शेळ्यांमागे फिरणारं कुत्रं आपल्यातल्या बऱ्याच जणींच्या दारात आहे. अंगानं लहान, पण शेळी दुसऱ्याच्या पिकात शिरायला लागली की टाचेशी जाऊन तिला मागं फिरवणारं. असं कुत्रं म्हणजे घरातला एक गडीच. पण तेच कुत्रं दारात येणाऱ्या प्रत्येकावर धावून जायला लागलं, की नुकसान आपलं होतं. पशुसखी जंताचं औषध घेऊन येते आणि कुत्र्याला बघून पुढच्या घरी निघून जाते. गटातली एखादी ताई बैठकीला यायचं टाळते, कारण मात्र सांगत नाही.

“एवढंसं तर आहे, काय करणार?” असं आपण म्हणतो. पण एवढ्याशा कुत्र्यानं उडी मारली, तर तोंड तीन वर्षांच्या पोराच्या गालाशी येतं. शिवाय पाळलेल्या जनावराबाबत निष्काळजी राहिलं, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

कुत्रं असं का वागतं? पोस्टमन येतो, कुत्रं भुंकतं, पोस्टमन जातो. तो खरं तर काम संपवून गेला, पण कुत्र्याला वाटतं, मीच हाकललं! रोज असं होतं आणि त्याचा जोर वाढतो. मुळात बऱ्याचदा ते घाबरलेलं असतं. म्हणून काठीनं मारून उपयोग नाही. मार खाऊन गुरगुरणं बंद होतं, भीती तशीच राहते. मग ते न गुरगुरताच चावतं. दिवसभर साखळीला बांधलेलं कुत्रंही जास्त चिडकं होतं, कारण त्याला लांब जायची सोय नसते.

मग करायचं काय, तर माणूस आला की काहीतरी चांगलं मिळतं, हे त्याला शिकवायचं. ओळखीच्या एका ताईला सांगून ठेवा. कुत्र्याला दाव्यानं धरा आणि ताईंना लांब, वीस-पंचवीस पावलांवर उभं करा. कुत्र्याला त्या दिसाव्यात, पण ते भुंकू नये, एवढं अंतर हवं. त्यांनी कुत्र्याच्या डोळ्यांत बघायचं नाही, आडवं उभं राहायचं. त्या दिसताहेत तोवर तुम्ही भाकरीचे किंवा उकडलेल्या अंड्याचे बारीक तुकडे टाकत राहा. त्या गेल्या, की तुकडे बंद. रोज पाच मिनिटं पुरे. दोन-चार दिवस शांत राहिलं, की दोन पावलं जवळ या. भुंकलं, तर रागवू नका, पुन्हा मागं जा. घाई इथेच नडते. एका ताईंची सवय झाली, की दुसऱ्या, मग एखादा पुरुष, मग डोक्यावर पाटी घेतलेलं कुणी. कुत्र्याच्या डोळ्याला ही सगळी वेगळी माणसं असतात.

हे चालू असेपर्यंत पाहुणा यायच्या आधीच कुत्र्याला मागच्या अंगणात बांधा. “काही करत नाही हो, या!” असं म्हणून कुणाला आत बोलावू नका. येणाऱ्यालाही सांगा, डोक्यावर हात फिरवू नका, पळू नका. पळणाऱ्या पोराच्या टाचेमागं शेळ्यांचं कुत्रं हमखास लागतं.

पिल्लू आणलं असेल, तर काम फार सोपं. तीन आठवड्यांपासून साधारण तीन महिन्यांपर्यंत जे बघतं, ते त्याला आपलं वाटतं. त्या काळात घरीच त्याला रोज नवी माणसं दाखवा. तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस द्या, मग डॉक्टर सांगतील तशी आणि पुढे दरवर्षी.

शांत कुत्रं अचानक चिडकं झालं, तर कान दुखतो का, जखम आहे का, हे डॉक्टरांना दाखवा. लाळ गळत असेल, पाणी गिळता येत नसेल, तर हात लावू नका, लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. आणि कुणाला चावलंच, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा. चुना, मिरची, हळद काही लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा आणि सांगितलेल्या तारखांना सगळी इंजेक्शनं पुरी करा.