टेस्ट लावण्याआधी क्लायंटला विचारायचे ३ प्रश्न



एम.एस्सी. स्टॅटिस्टिक्स करताय आणि प्रोजेक्टसाठी खरा क्लायंट मिळालाय? मग आजचा धडा तुमच्यासाठीच. पुस्तकात प्रश्न छापलेला असतो. क्लायंटकडे तो आपल्याला शोधावा लागतो.

समजा, एक फरसाणवाले काका म्हणतात, "२०२४च्या ऑक्टोबरात जाहिरात केली. २०२३च्या ऑक्टोबरपेक्षा विक्री खरंच वाढली का, बघ."

तुम्ही टी-टेस्ट लावली, पी-व्हॅल्यू छोटी आली, "हो काका, वाढली" म्हणालात. काका आता कर्ज काढून जाहिरात दुप्पट करणार!

थांबा. २०२३ ला लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं, २०२४ ला १ नोव्हेंबरला. म्हणजे फराळाची गर्दी एका वर्षी नोव्हेंबरात, दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरात. वाढ जाहिरातीची की दिवाळीची? तुमचं गणित बरोबर, पण उत्तर काकांच्या कामाचं नाही.

म्हणून आधी हे विचारा:

१. उत्तर मिळाल्यावर तुम्ही काय करणार? काकांना 'विक्री वाढली का' नाही, तर 'जाहिरातीवर अजून पैसे घालू का' हे ठरवायचंय.

२. आकडे कसे लिहिले? बिलं, यूपीआय, उधारीची वही, सगळं धरलंय का? गल्ल्यावर बसून एक दिवस स्वतः बघा.

३. त्या काळात अजून काय बदललं? सण, भाव, नवा माल, शेजारी बंद पडलेलं दुकान.

आता दोन्ही वर्षी लक्ष्मीपूजनाआधीचे १५ दिवस घ्या. तुलना सुधारेल. तरीही भाववाढ वगैरे उरतेच, ते काकांना स्पष्ट सांगा. पुढच्या वेळी जाहिरातीचे आठवडे चिठ्ठ्या टाकून ठरवा, काही जाहिरातीचे, काही बिनजाहिरातीचे.

आर. ए. फिशर यांनी १९३८ मध्ये कोलकात्यात हेच बजावलं होतं: प्रयोग संपल्यावर संख्याशास्त्रज्ञाला बोलावणं म्हणजे पोस्टमॉर्टेम करायला सांगणं.

आजचा गृहपाठ: तुमच्या क्लायंटचा प्रश्न एका वाक्यात, साध्या मराठीत लिहा. तो त्यांना व्हॉट्सअॅपवर पाठवा. "हो, हेच विचारायचं होतं" असं उत्तर आलं की मगच लॅपटॉप उघडा.

भेटूया पुढच्या धड्यात!